प्रभाताई चांदेकर यांचा गुरुवार

मृणाल, बापटकाका, हेलन आणि इथे जमलेल्या सगळ्या मंडळींनो,

मला बोलायला सांगितलंय. मी चाळीस वर्षं नागपूरला वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. अर्ध्या तासात अग्रलेखाची जागा भरून काढलेला माणूस आहे मी. पण काल दुपारी जेवण झाल्यावर कागद घेऊन बसलो तो चहाची वेळ झाली तरी पहिली ओळ होत नव्हती. शेवटी माझी मुलगी अश्विनी म्हणाली, "बाबा, तुम्ही प्रभामावशींशी बोलता तसंच बोला ना." तर तसंच बोलतो. चुकलं तर सांभाळून घ्या. प्रभाताई असत्या तर त्यांनी सांभाळून घेतलं नसतं, हे मला माहीत आहे.

मागच्या रांगेत आपले अमेरिकन मित्र बसलेत. निखिल त्यांना हळूच इंग्रजीत सांगतोय. निखिल, मी सावकाश बोलेन. पण मी जे बोलेन ते सगळं सांग. काही गाळू नकोस. विशेषतः शेवटचं.

इथे ओहायोतल्या डब्लिनमध्ये, कोलंबस शहराच्या या कडेला, आपण बरेच जण प्रभाताईंना तीन-चार निमित्तांनी ओळखता. गणपतीत त्या मोदक वळायला यायच्या आणि दुसऱ्यांच्या मोदकांना नावं ठेवायच्या. त्यांचे यजमान अरुणराव गेल्यानंतर त्या एकट्याच गाडी चालवत कॉलेजला जायच्या. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, बर्फातसुद्धा. पण त्या कॉलेजमध्ये नेमकं काय शिकवायच्या, हे किती जणांना ठाऊक आहे? हात वर करू नका. मलाही ठाऊक नव्हतं.

त्या जुनी इंग्रजी शिकवायच्या. आपली मुलं बोलतात ती नव्हे. तिच्या आधीची, हजार-बाराशे वर्षांपूर्वी इंग्लंडात माणसं बोलत होती ती. आज लंडनमध्ये जन्मलेल्या माणसाला तिचं एक पान दिलं तर त्याला दोन ओळीसुद्धा कळणार नाहीत. चामड्यावर हाताने लिहिलेली पानं. त्यात कथा आहेत, कायदे आहेत, ताप उतरवायचे उपाय आहेत, मृत्युपत्रं आहेत, प्रार्थना आहेत. हे सगळं वाचणं, समजून घेणं आणि दुसऱ्याला वाचायला शिकवणं, हे प्रभाताईंचं आयुष्यभराचं काम.

माझी त्यांची गाठ पडली ती इथल्या इंडियन ग्रोसरीत. मी नुकताच मुलीकडे कायमचा राहायला आलो होतो. हातात कोथिंबिरीची जुडी आणि करायला काही काम नाही. रांगेत पुढे या उभ्या. मागे वळून म्हणाल्या,

"नागपूरचे का?"

"हो. कसं ओळखलं?"

"कोथिंबीर हुंगून घेतलीत. काय करता?"

"काही नाही. रिटायर झालो."

"गुरुवारी संध्याकाळी मोकळे आहात?"

"ताई, मी सातही वार मोकळा आहे."

"मग गुरुवारी या. जुनी इंग्रजी वाचतो आम्ही."

मी म्हणालो, "अहो, मला नवीच धड येत नाही."

"उत्तम. ज्यांना नवी येते त्यांना वाटतं जुनी आपोआपच येईल. त्यांच्यावर माझा फार वेळ जातो."

आणि बिल देऊन निघून गेल्या. पत्ता नाही, फोन नंबर नाही. मला शोधत जावं लागलं. नंतर कळलं की ही त्यांची पद्धतच होती. ज्याला यायचंय तो शोधेल.

प्रभाताई या विषयाकडे कशा वळल्या ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. अरुणराव इंजिनिअर, त्यांच्याबरोबर त्या इकडे आल्या. हातात इंग्रजीची एमए होती. विद्यापीठात प्रवेशासाठी गेल्या आणि हा विषय मागितला. समोरचे प्राध्यापक सज्जन होते, वाईट बोलले नाहीत. पण म्हणाले, "मिसेस चांदेकर, तुम्ही तुमच्याकडचं काही का घेत नाही? ही तुमची भाषा नाही."

प्रभाताई म्हणाल्या, "तुमचीही नाही."

ते म्हणाले, "म्हणजे?"

"तुमच्या आईने तुम्हाला या भाषेत जेवायला हाक मारली का? नाही ना? ज्यांच्या आयांनी मारली ते सगळे मातीत जाऊन नऊशे वर्षं झाली. तुम्ही ही पुस्तकातून शिकलात. मीही पुस्तकातून शिकेन. फरक एवढाच की तुम्ही आधी बसलात."

त्यांना प्रवेश मिळाला. पण मित्रहो, हा प्रश्न त्यांना पुढे पन्नास वर्षं विचारला गेला. वेगवेगळ्या तोंडांनी. गोऱ्या माणसांनी विचारला, आणि आपणही विचारला. मी स्वतः विचारलाय. "ताई, आपल्याकडे एवढी संस्कृत, प्राकृत पडलीय, महानुभावांचं गद्य पडलंय, आणि तुम्ही या साहेबाच्या आजोबांचं काय घेऊन बसलात?" त्या रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या पुढ्यात एक पान सरकवलं आणि म्हणाल्या, "आवडतं म्हणून. वाचा."

आता तो गुरुवार कसा उभा राहिला ते सांगतो. कारण माणूस शिकवतो, निवृत्त होतो, संपतं. प्रभाताईंनी माणसं जमवली.

कॉलेजात या विषयाला विद्यार्थी येईनासे झाले. एका वर्षी दोनच आले. तेव्हा प्रभाताईंनी काय करावं? ग्रोसरीच्या फळ्यावर, टिफिन सर्व्हिस आणि कथ्थकच्या क्लासच्या जाहिरातींच्या मध्ये, हाताने लिहिलेला कागद लावला. तसाच गावातल्या लायब्ररीत, तसाच लॉन्ड्रीत. "हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी. गुरुवार, संध्याकाळी सात. काहीही येत नसेल तरी या." पहिल्या गुरुवारी तीन माणसं आली. त्यातला एक कथ्थकच्या चौकशीला आला होता, पत्ता वाचण्यात त्याचा घोटाळा झाला होता. प्रभाताईंनी त्यालाही बसवून घेतलं. तो म्हणजे आमचा तेजस. पुण्याचा, आयटीतला. मुलीसाठी क्लास शोधत होता. मुलगी कथ्थक शिकलीच नाही, हा मात्र जुनी इंग्रजी शिकला. पुढे नोकरी बदलून तो टेक्ससला अर्विंगला गेला आणि तिथे एका रेस्टॉरंटच्या मागच्या खोलीत त्याने स्वतःचा गुरुवार सुरू केला. परवा फोनवर मला म्हणाला, "काका, ताई गेल्या ते कळलं त्या दिवशीही आम्ही वाचलं. कॅन्सल नाही केलं. केलं असतं तर त्या ओरडल्या असत्या यार."

हेलन तिथे मागे बसली आहे. तीस वर्षं शाळेची ग्रंथपाल होती. बापटकाका आमचे रेडिओलॉजिस्ट, आता निवृत्त. कॉलेजची पोरं यायची. इतर गावांहून या विषयात पीएचडी करणारी मुलं यायची, कारण त्यांच्या विद्यापीठांत बोलायला कोणी नव्हतं. ती प्रभाताईंच्या घरी राहायची आणि पिठलं-भात खायची. त्यांतली काही आज शिकवतात. आम्ही सगळ्यांनी मिळून जुन्या औषधांच्या पानांची शब्दसूची केली. काही गावच्या वर्गांत ती वापरतात. दर महिन्याला चार पानांचं पत्रक निघतं, ते मी लावतो. निवृत्त उपसंपादकाला दुसरं काय येतं?

एक नियम होता. नियम म्हणण्यापेक्षा शिस्त. कुठलाही शब्द अडला की शब्दकोश उघडायचा नाही. आधी प्रत्येकाने आपला अंदाज सांगायचा, तो एका वहीत लिहायचा आणि खाली सही करायची. मग कोश. अंदाज चुकला तरी खोडायचा नाही. त्या वहीला आम्ही चुकांची वही म्हणतो. आणि वाचायला सुरुवात कोणी करायची? जो सगळ्यात नवा असेल त्याने. मोठा प्राध्यापक पाहुणा आला असेल तर त्याने शेवटी. मी पहिल्या दिवशी घाम पुसत वाचलं. "मध" या शब्दाला मी "मांस" असा अंदाज दिला. माझी सही आहे खाली. कुणीही बघू शकतं.

एकदा एक तरुण आला. वयाने पंचविशीचा. दंडावर जुन्या लिपीतली अक्षरं गोंदवलेली. खुर्चीवर बसलाच नाही. आमच्याकडे बघत राहिला. आम्ही कोण? मी, बापटकाका, हेलन, एक कोरियन मुलगी आणि प्रभाताई पातळ नेसून, वर स्वेटर. तो म्हणाला, "ही माझ्या पूर्वजांची भाषा आहे. तुम्ही लोक इथे काय करताय?"

मला भीती वाटली, खोटं का बोलू? असली माणसं हल्ली बरीच आहेत. त्यांना या भाषेतलं वाक्य नको असतं, नुसता झेंडा हवा असतो.

प्रभाताईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "अरे वा. पूर्वजांची? मग वाच. तू नवा आहेस, तुझ्यापासूनच सुरुवात."

त्याने पान हातात घेतलं. एक शब्द वाचता येईना. कान लाल झाले.

"येत नाही?"

"नाही."

"मलाही येत नव्हतं. बस. आणि दंडावरचं ते अक्षर उलटं काढलंय कुणीतरी. पैसे परत माग."

बापटकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला. आणि तो बसला बरं का! चार गुरुवार आला. पाचव्या गुरुवारी आला नाही, आणि आमचा चांगला शब्दकोशही गेला. हेलन चिडली. प्रभाताई म्हणाल्या, "कोश नेलाय ना? बंदूक तर नाही नेली. उघडेल कधीतरी." तो कोश अजून परत आलेला नाही. हा माणूस सुधारला असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला माहीत नाही. पण त्याने ज्या दिवशी आम्हाला तुम्ही कोण असं विचारलं, त्या दिवशी आमच्यातलं कुणी उठून गेलं नाही, हे मला माहीत आहे.

आता आमची सगळ्यात मोठी चूक सांगतो. त्यांनी ती लपवली नाही, मग मी का लपवू?

एक फारशी कोणी न छापलेली गोष्ट आम्ही वाचत होतो. दोन भाऊ समुद्रावर जातात. धाकटा भाऊ आधी शोक करतो, पानभर रडतो, आणि नंतर पुढच्या पानावर थोरला बुडून मरतो. आधी रडणं, मग मरण. मध्ये एक वाक्य तुटलेलं होतं, तिथे एखादी ओळ गळाली असावी असं आम्ही धरून चाललो. आणि त्या उलट्या क्रमावर प्रभाताईंनी दोन वर्षं विचार केला. त्या माणसांना मरणाची चाहूल आधीच लागायची, त्यांचा शोक घटनेच्या पुढे धावायचा, असं काहीतरी फार सुंदर त्यांनी मांडलं. एका मोठ्या परिषदेत वाचलं. टाळ्या मिळाल्या. आम्ही तर भारावूनच गेलो होतो.

आणि एका गुरुवारी बापटकाका पानांचे फोटो उजेडासमोर धरून बसले. जन्मभराची सवय, एक्स-रे बघितल्यासारखे बघतात. म्हणाले, "ताई, एक विचारू? या पानाला खालच्या कोपऱ्यात किड्याचं भोक आहे."

"असेल. हजार वर्षं झाली."

"आधीच्या पानांनाही आहे. पुढच्या, रडण्याच्या पानाला नाही. त्याच्या पुढच्याला परत आहे."

"बरं?"

"मग किडा मधलं पान उडी मारून गेला का?"

मी प्रभाताईंचा चेहरा कधी तसा पाहिला नव्हता. त्यांनी चारही फोटो टेबलावर मांडले. दोन पानांची अदलाबदल केली. भोकं एकाखाली एक आली. तुटलेलं वाक्य जुळलं. भाऊ आधी बुडाला. मग दुसरा रडला. जसं जगात होतं तसंच. घरच्या बेसमेंटमध्ये कॉपी काढताना फोटोंची थप्पी त्यांच्या हातून पडली होती, आणि गोळा करताना दोन पानं मागेपुढे झाली होती. बस्स, एवढंच. ती दोन वर्षं, तो निबंध, त्या टाळ्या, सगळं त्या एका पडलेल्या थप्पीवर उभं होतं.

आम्ही खाली मान घालून बसलो. प्रभाताई उठल्या. चुकांची वही घेतली. संबंध पान भरून लिहिलं, खाली सही केली. मग बापटकाकांना म्हणाल्या, "डॉक्टर, पुढच्या वेळी दोन वर्षं थांबू नका." आणि त्या आठवड्यात त्यांनी परिषदेला आलेल्या ज्यांचे ज्यांचे पत्ते होते त्या प्रत्येकाला पत्र लिहिलं. एकाने उलट कळवलं, "कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, तुम्ही उगाच का सांगितलंत?" प्रभाताईंनी त्याला उत्तर दिलं, "आमच्याकडे एका डॉक्टरच्या लक्षात आलं होतं. म्हणूनच मी एकटी वाचत नाही."

त्या अवघड होत्या. हे मी इथे म्हणतो, कारण शोकसभेत माणूस एकदम देव होऊन जातो. गुरुवार असला की त्या कुणाच्या लग्नाला जायच्या नाहीत. त्यांच्या मुलीचं, मृणालचं कॉलेजचं कॉन्व्होकेशन गुरुवारी होतं. मृणाल, सांगू ना? ती मान डोलावतेय. त्या तिकडे गेल्या, पण अर्धा कार्यक्रम टाकून परत आल्या. मृणाल वर्षभर नीट बोलली नव्हती. आणि माझा तर त्यांनी छळ मांडला होता. पत्रकाचा मजकूर कधी वेळेवर दिला नाही. मी फोन करायचो, "ताई, आज शेवटचा दिवस." त्या म्हणायच्या, "वसंतराव, मजकूर हजार वर्षांपूर्वीचा आहे. दोन दिवसांनी शिळा होणार नाही." या महिन्याचा मजकूरही माझ्याकडे आलेला नाही. मी ती जागा कोरी ठेवणार नाही. काय छापायचं ते पुढे सांगतो.

तीन आठवड्यांपूर्वी मंगळवारी सकाळी त्या स्वयंपाकघरात पडल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. बुधवारी गेल्या. मृणाल जवळ होती. फार यातना झाल्या नाहीत असं डॉक्टर म्हणाले.

आणि पाचव्या दिवशी कॉलेजचं पत्र आलं.

पत्र सुंदर आहे. मी मजकुराची पारख करू शकतो. भाषेत एक चूक नाही. डॉ. चांदेकर यांच्या निधनाने झालेलं दुःख, त्यांचं योगदान. मग दुसरा परिच्छेद. हा विषय पुढच्या सत्रापासून शिकवला जाणार नाही. तिसऱ्या मजल्यावरची त्यांची खोली महिनाअखेर रिकामी करण्यात येईल. पुस्तकं दोन तासांच्या अंतरावरच्या गोदामात हलवण्यात येतील. आणि त्यांनी जो वाचकांचा गट चालवला होता, त्याच्या आठवणी कॉलेज नेहमी जपेल.

आठवणी! मित्रहो, आम्ही जिवंत आहोत. मी इथे उभा आहे. हेलन मागे बसलीय. बापटकाकांनी आत्ताच दुसरा चहा घेतला. आमच्यासाठी रडून झालं, आणि आम्ही अजून बुडालेलोच नाही. बापटकाका पत्र वाचून म्हणाले, "वसंतराव, यांचीही पानं मागेपुढे झाली आहेत." मी म्हणालो, "डॉक्टर, इथे थप्पी कुणाच्या हातून पडलेली नाही. ती मुद्दाम अशी लावली आहे."

पत्राच्या शेवटी त्यांनी मृणालला एक गोष्ट देऊ केलीय. बागेत प्रभाताईंच्या नावाचा बाक. पितळी पाटी लावलेला. मृणालने एका ओळीचं उत्तर पाठवलं. तिच्या परवानगीने सांगतो: "आईच्या नावाचा बाक नको. आईची खोली राहू द्या." त्याला अजून उत्तर आलेलं नाही.

काही जण मला म्हणाले, "काका, आता जाऊ द्या. त्या होत्या म्हणून चालत होतं." चांगल्या मनाने म्हणाले. त्यांच्यापैकी दोघं इथे बसलेत, मी नावं घेत नाही. मी त्यांना एवढंच विचारतो: त्या होत्या म्हणून चालत होतं, तर अर्विंगला कोणामुळे चालतंय? प्रभाताई अर्विंगला एकदासुद्धा गेल्या नव्हत्या.

आता मागच्या गुरुवारचं सांगतो.

सात वाजता आम्ही नेहमीसारखे कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर गेलो. ठरवून नव्हे. कुणी कुणाला फोन केला नव्हता. तरी चौदा जण आले. दार उघडायची आमची कार्डं कुलपाला लावली तर लाल दिवा. एकेकाने लावून पाहिलं. चौदा वेळा लाल. दाराच्या काचेतून आत प्रभाताईंची खुर्ची दिसत होती, स्वेटर तसाच पाठीवर टाकलेला. काही जणांचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता आम्ही खाली उतरणार, पार्किंगमध्ये पाच मिनिटं उभे राहणार आणि घरी जाणार. असंच संपतं सगळं. भांडण नाही, तंटा नाही. दार उघडत नाही म्हणून माणसं घरी जातात.

तेव्हा हेलन म्हणाली, "सगळ्यात नवं कोण आहे?"

नवी होती स्नेहल. तीही नागपूरची, टेस्टिंगमध्ये काम करते, दोनच गुरुवार आली होती. ती घाबरून म्हणाली, "काका, इथे? उभ्याने?"

मी म्हणालो, "उभ्याने."

बापटकाकांना जिन्याच्या पायरीवर बसवलं. फोनवर पान काढलं. हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईचं मृत्युपत्र आम्ही अर्धवट सोडलं होतं. तिने लिहिलंय, माझे दोन चांगले झगे अमकीला, माझी पेटी तमकीला, घरच्या गुलामांना मोकळं करा. स्नेहलने वाचायला सुरुवात केली. अडखळत. अडला शब्द की अंदाज. वही आत कुलपात, म्हणून मी पावतीच्या मागे अंदाज लिहून घेतले. सह्यांसकट.

अर्ध्या तासाने सिक्युरिटीवाला आला. धिप्पाड माणूस, पण आवाज मऊ. म्हणाला, "मंडळी, ही खोली बंद केली आहे. तुम्ही इथे थांबू शकत नाही."

हेलन म्हणाली, "आम्ही खोलीत नाहीच आहोत."

तो म्हणाला, "मॅम, मला रिपोर्ट लिहावा लागतो. काय लिहू? काय करताय तुम्ही?"

"वाचतोय."

"काय वाचताय?"

"एका बाईचं मृत्युपत्र."

त्याने टोपी काढली. "सॉरी. कोणी गेलं का?"

"गेलं. पण मृत्युपत्र त्यांचं नाही. ही बाई जाऊन हजार वर्षं झाली."

आता या माणसाने काय करावं? त्याने विचारलं, "किती राहिलंय?"

"दीड पान."

"संपवा मग. मी खाली चक्कर मारून येतो."

त्या काळच्या मृत्युपत्रांच्या शेवटी एक शाप असायचा. माझी ही इच्छा जो कोणी बदलेल, त्याला देवासमोर जाब द्यावा लागेल, अशा अर्थाचा. ती ओळ हेलनच्या वाट्याला आली. ती बंद दाराकडे वळली आणि त्या लाल दिव्याकडे बघत तिने ती ओळ वाचली. खणखणीत. एक चूक नाही. मी डेस्कवरच्या चाळीस वर्षांतही इतका उत्तम शाप ऐकलेला नाही.

त्या माणसाने रिपोर्टमध्ये काय लिहिलं ते मला माहीत आहे, कारण खाली उतरताना त्याने ते आम्हाला दाखवलं. "तिसरा मजला. चौदा लोक. वाचत होते." या महिन्याच्या पत्रकात प्रभाताईंच्या जागेवर मी हेच छापणार आहे. चौकटीत. मोठ्या टाइपात.

तर आता मागणं. निखिल, नीट सांग.

येत्या बुधवारी दुपारी दोन वाजता मृणालला डीनच्या ऑफिसात बोलावलंय. तिला वाटलं एकटीने जावं. मी म्हटलं, नाही. तू एकटी गेलीस तर ते तुझं सांत्वन करतील. आम्ही बरोबर आलो तर त्यांना उत्तर द्यावं लागेल. आम्ही आरडाओरडा करणार नाही. आम्ही तीन गोष्टी मागणार. खोली, पुस्तकं आणि वर्षाला एक वर्ग, मग त्याला दोनच विद्यार्थी असोत. ते नाही म्हणाले तर पुढच्या महिन्यात परत मागू. बापटकाका ब्याऐंशीचे आहेत. ते म्हणालेत, "मला घाई नाही."

आणि खोली मिळो न मिळो, येत्या गुरुवारी सात वाजता आम्ही वाचणार आहोत. खोली नसेल तर पॅसेजमध्ये. पॅसेज बंद केला तर जिन्यावर. तिथूनही उठवलं तर बापटकाकांचं बेसमेंट आहे, टेबल टेनिसचं टेबल बाजूला करू. तुमच्यापैकी ज्यांना वाटतं की आम्हाला काही येत नाही, त्यांनी आधी यावं. मुलांना आणा. ती इंग्रजीत उत्तरं देतात म्हणून आपण कुरकुरतो ना? ही इंग्रजी त्यांनाही येत नाही. एकदा त्यांना शेजारी बसवून अंदाज लिहायला लावा. मजा येते. आणि कुणी विचारलं, ही तुमची भाषा आहे का, तर उत्तर प्रभाताईंनी देऊन ठेवलंय. तुम्हाला नवीन शोधायला नको.

प्रभाताई, वेळेत मजकूर मिळाल्याबद्दल मी कधी तुमचे आभार मानू शकलो नाही, कारण तो कधी मिळालाच नाही. पण एका रिकाम्या माणसाला तुम्ही रांगेत मागे वळून काम दिलंत. ते मी सोडणार नाही. तुम्हाला माझा नमस्कार.

आता आपण सगळे उभे राहू आणि एक मिनिट शांत राहू. एकच मिनिट. अश्विनी, घड्याळ लाव. ही शांतता प्रभाताईंसाठी आहे. त्या पत्राला आम्ही एक सेकंदही देत नाही. मिनिट संपलं की ज्यांना बुधवारी मृणालबरोबर यायचंय त्यांनी बाहेर जाऊ नये. इथेच, उभे आहात तिथेच थांबावं. मला माणसं मोजायची आहेत.

उठू या.